‘फादिर’, ‘ब्रोदिर’ आणि वैदिक स्वर

शब्दवेध, दादर
संस्कृतमधील ‘पितृ’ आणि ‘भ्रातृ’ या दोन्ही शब्दांत ‘त’ आहे, आणि आइसलँडिकमधील ‘फादिर’ व ‘ब्रोदिर’ यांतही मधले व्यंजन एकच आहे. मग जर्मनमध्ये मात्र ‘फाटर’ आणि ‘ब्रूडर’ असा भेद का दिसतो? तसेच नॉर्डिक भाषांशी तुलना करण्यास मराठी पुरेशी आहे का?

उदात्त
भेद जुनाच आहे; जर्मनने तो राखला, नॉर्सने (आइसलँडिकची जुनी पूर्वज भाषा) पुसला. याकोब ग्रिम याने 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळ ‘त’ जर्मानिक भाषांत (जर्मन, इंग्रजी, नॉर्स इत्यादींचे कुटुंब) घर्षक, म्हणजे हवा घासत उच्चारला जाणारा, ‘थ’ व्हायला हवा. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘ब्रोथार’ आहे, पण ‘फादार’मध्ये ‘द’ येतो. अशा अपवादांचा उलगडा डॅनिश अभ्यासक कार्ल वेर्नर याने 1877 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात केला, आणि त्यासाठी पुरावा घेतला तो वैदिक स्वरांचा, म्हणजे शब्दांतील आघातांचा. ऋग्वेदात ‘भ्राता’चा उदात्त, म्हणजे उंच सुरातला आघात, पहिल्या अक्षरावर आहे, ‘पिता’चा दुसऱ्या. आघात ‘त’च्या लगेच आधी असेल तर ‘थ’ टिकला, नसेल तर तो घोष, म्हणजे ‘द’सारखा कंठनादयुक्त, झाला. पुढे नॉर्समध्ये दोन स्वरवर्णांमधला ‘थ’ही घोष झाल्याने दोन्ही शब्द एकाच ठिकाणी आले. जर्मानिक भाषांत आघात नंतर पहिल्या अक्षरावर स्थिरावला, त्यामुळे केवळ त्या भाषा पाहून हे कारण सापडणे फार कठीण होते. आपल्या वैदिकांनी पाठांतराने जपलेले स्वर डेन्मार्कच्या माणसाच्या कामी आले, याचे मला आजही नवल वाटते.

जुनी पोथी, फोर्ट
मराठीवरून सुरुवात करण्यास हरकत नाही, कारण ‘दात’ आणि स्वीडिश ‘तांद’ यांतील द–त संबंध स्पष्ट दिसतो. परंतु ‘पाय’ आणि ‘फूत’ ही जोडी घेतल्यास दुसरे व्यंजन प्राकृतातच गळालेले असल्याने ‘पाद’पर्यंत मागे जावेच लागते. फिनिश मात्र शेजारची असली तरी या (इंडो-युरोपीय) कुळातली नाही. तिच्यातील ‘कुनिंगास’, म्हणजे राजा, हा जर्मानिकमधून उसना घेतलेला शब्द आहे.

आपण मुंबईकर असल्याने एक अवांतर: जुन्या नॉर्सचे मूळ शोधणारा डॅनिश भाषाभ्यासक रास्मुस रास्क 1820 मध्ये याच शहरात आला होता. त्याने भारतातून नेलेल्या अवेस्ता (पारशांचा धर्मग्रंथ) आणि पहलवी (जुनी इराणी भाषा) हस्तलिखितांमुळे कोपनहेगन इराणी भाषांच्या अभ्यासाचे मोठे केंद्र बनले. अवेस्ताची भाषा अस्सल आणि प्राचीन आहे, हे त्याने 1826 मध्ये ठामपणे मांडले.

शब्दवेध, दादर
आभारी आहे. आता ‘मातृ’ घेतो. तिथेही उदात्त दुसऱ्या अक्षरावर आहे, आणि जर्मन ‘मुटर’मध्ये अपेक्षेप्रमाणे ‘ट’च आहे.