सोळा जणींचे तीन दिवसांचे निवासी योगशिबिर: ठिकाण आणि दिनक्रम कसा ठरवावा?

भिशीची चिटणीस (डोंबिवली)

नमस्कार. आमची सोळा जणींची भिशी गेली अकरा वर्षे चालू आहे. दरमहा हप्त्याशिवाय थोडी रक्कम आम्ही बाजूला टाकत आलो आहोत. यंदा तिच्यातून साड्या किंवा भांडी न घेता जानेवारीत तीन दिवस शहराबाहेर एकत्र राहावे, दोन्ही वेळा आसने-प्राणायाम करावा, साधे जेवावे आणि जरा स्वस्थ बसावे, असे ठरले आहे. वये ४६ ते ७१ आहेत. तिघींना मधुमेह असून त्यांतील एक इन्सुलिनवर आहे, पाच जणींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि दोघींना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. प्रवास धरून माणशी साडेपाच हजारांपर्यंत खर्च परवडेल.

लोणावळ्याचे कैवल्यधाम, इगतपुरीचे विपश्यना केंद्र, उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रम आणि जुन्नर भागातील एखादे कृषी पर्यटन केंद्र अशी चार नावे पुढे आली असून चारही नावांचे समर्थक आमच्यात आहेत. एका मैत्रिणीने तर तिन्ही दिवसांचे वेळापत्रकही तयार केले आहे. पहाटे पाचला उठणे, जलनेती (नाकातून पाणी घेण्याची शुद्धिक्रिया) व वमन (पाणी पिऊन उलटी काढण्याची शुद्धिक्रिया), योग, नाश्ता, लेण्याद्री, ओझर, शिवनेरी, हुरडा पार्टी, आहारावर व्याख्यान आणि रात्री ध्यान असे त्यात सर्व काही आहे. वाचूनच दमायला झाले, पण तिला तसे म्हणणार कोण? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त योगशिक्षिका

ताई, आपण दिलेली चार नावे एका जातीची नाहीत, म्हणूनच आपल्यात मतभेद झाले असावेत. इगतपुरीला दहा दिवसांचे शिबिर असते, त्यातील बहुतेक काळ मौन पाळावे लागते आणि शुल्क नसले तरी नियम कडक असतात. सोळा मैत्रिणींनी एकत्र जाऊन एकमेकींशी एक शब्दही बोलायचा नाही, हे आपल्या भिशीला कितपत मानवेल ते आपणच ठरवावे. उरुळीकांचनचा आश्रम गांधीजींनी १९४६ साली सुरू केला आणि पुढे मणिभाई देसाई यांनी तो वाढवला. तेथे प्रत्येकीची तपासणी होऊन तिच्या प्रकृतीप्रमाणे आहार व उपचार ठरतात, त्यामुळे ते ठिकाण उपचारासाठी निवांत वेळ काढून जाणाऱ्यांचे आहे. कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केले असून आसनांचा शास्त्रीय अभ्यास हा त्याचा पाया आहे, परंतु तेथेही संस्थेच्या शिस्तीत आपल्याला बसावे लागते. आपल्याला हवे आहे ते वर्णनावरून वेगळेच दिसते. घरच्या कामातून सुटका, मैत्रिणींचा सहवास आणि अंग मोकळे करणारा थोडा व्यायाम हवा असेल, तर साधे कृषी पर्यटन केंद्र घ्यावे आणि योगशिक्षिका आपल्याबरोबर न्यावी.

शुद्धिक्रियांबाबत मात्र मी स्पष्टच लिहिते. वमन तीन दिवसांच्या शिबिरात अजिबात ठेवू नये. रक्तदाब, अल्सर, हर्निया यांपैकी काही असलेल्या व्यक्तीने ती क्रिया करू नये, आणि सोळा जणींच्या गटात अशी एखादी तरी असतेच. जलनेती त्या मानाने सौम्य असली तरी तिचे पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, विहिरीचे किंवा नळाचे थेट पाणी नाकात घेणे धोक्याचे आहे. नंतर नाक पूर्ण कोरडे करावे लागते, आणि नवख्या बायका नेमके तेच विसरून दिवसभर डोके धरून बसतात. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी वेगाने कपालभाती व श्वास रोखून धरणे टाळावे. गुडघे दुखणाऱ्या दोघींसाठी हात नसलेल्या, न हलणाऱ्या खुर्च्या आधीच मागवाव्यात, कारण प्लॅस्टिकची खुर्ची अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर सरकते.

संध्याकाळचे जेवण लवकर व हलके ठेवण्याचा आपला विचार असेल, तर मधुमेही मैत्रिणींनी औषधांच्या वेळा व मात्रा आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. नेहमीची मात्रा घेऊन अर्धी भाकरी खाल्ली की रात्री साखर उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, आणि खोलीतील मैत्रिणीला वाटते की हिला थंडी वाजते आहे.

दोन न्हाणीघरे

मी तीन वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयातील चौदा जणांचे असेच शिबिर योजले होते. जागा कोणती ते लिहीत नाही, कारण चूक निम्मी माझी होती. छायाचित्रांत आंब्याची झाडे, झोपाळा, चुलीवरचा स्वयंपाक असे सगळे पाहिले आणि न्हाणीघरे किती आहेत, हे विचारायचे राहून गेले. तेथे गेल्यावर कळले की ती दोनच आहेत. साडेपाचला प्रार्थना ठेवली होती, त्यामुळे साडेचारपासून टॉवेल खांद्यावर टाकून अंगणात रांग लागली. सौर बंबातील गरम पाणी पहिल्या चौघांत संपले, पाचव्या क्रमांकावर आमचे लेखापाल होते, आणि त्या दिवशीची प्रार्थना त्यांनी कोणत्या भावनेने म्हटली ते सांगायला नको. तेव्हा चार-पाच जणींमागे एक न्हाणीघर, किमान दोन कमोड आणि लाकडावर तापणारा तांब्याचा बंब आहे का, एवढे विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

आमची दुसरी चूक चहाची. ‘सात्त्विक शिबिर’ म्हणून आम्ही पहिल्याच सकाळी चहा बंद करून गवती चहाचा काढा दिला. रोज चार कप चहा पिणाऱ्यांची डोकी दुपारपर्यंत ठणकू लागली, आणि व्याख्यानाच्या वेळी निम्मी मंडळी रस्त्यावरच्या टपरीवर सापडली. बंदच करायचा असेल तर आधीचे आठ-दहा दिवस घरी एकेक कप कमी करीत यावे. माझ्या मते सकाळचा एक कप ठेवावाच.

घोरण्याचाही प्रश्न संकोच न करता आधी सोडवा. घोरणाऱ्यांची खोली वेगळी ठेवावी आणि तिची यादी स्वतःहून नाव देणाऱ्यांपासून सुरू करावी.

ओतूरकर

ताई, माझे ओतूरजवळ लहानसे कृषी पर्यटन केंद्र आहे. स्वतःची जाहिरात करणार नाही, पण आपण आमच्याच भागाचा विचार करीत आहात म्हणून काही गोष्टी सांगतो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून येण्यास साडेतीन ते चार तास लागतात. पावसाळ्यात धुके आणि दरडी असतात, जानेवारीत तो त्रास नाही. तरी ज्यांना घाट लागतो त्यांना पुढच्या आसनावर बसवावे आणि निघताना पोटभर मिसळ खाऊ देऊ नये. थंडी मात्र खरी असते. पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे पाचला उघड्यावर सतरंजी टाकून आसने करण्याचा बेत शहरात बसूनच सुचू शकतो. सातनंतर ऊन अंगणात आले की बसावे.

दुसरी बाब गंभीर आहे. आमचा तालुका उसाचा आणि बिबट्यांचा आहे. बिबटे उसातच राहतात, तेथेच त्यांची पिल्ले होतात, आणि जानेवारीत ऊसतोड चालू असल्याने त्यांची जागा हलत असते. त्यामुळे अंधारात, एकटीने किंवा उसाच्या कडेने पहाटफेरी करायची नाही, हा नियम पाहुण्यांनी मुकाट्याने पाळावा. उजाडल्यावर गटाने, बोलत, गावाच्या रस्त्याने खुशाल फिरावे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, यावरून प्रश्न किती रोजचा आहे ते लक्षात येईल.

शेतीपंपाची वीज आमच्याकडे पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. आपल्या तारखांना टाकी केव्हा भरली जाणार, हे मालकाला विचारावे. इन्सुलिनसाठी फ्रीज आहे का आणि वीज गेल्यावर तो इन्व्हर्टरवर चालतो का, तेही विचारावे. थोडा वेळ वीज गेली तर इन्सुलिनची कुपी पिशवीत बांधून माठाजवळच्या गारव्यात ठेवता येते. सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि तेथे सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन असते का, हे जो मालक न अडखळता सांगेल, त्याच्याकडे राहावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते, परंतु वाडीचा पत्ता फोनवर समजावता येणारा गावचा माणूस त्या वेळी जवळ हवा.

हुरडा जानेवारीत उत्तम असतो. गूळभेंडीची कणसे आगटीत भाजून हातावर चोळली की दाणे हिरवे, दुधाळ निघतात आणि लसणीच्या चटणीबरोबर हात थांबत नाही. म्हणूनच तो सकाळी अकराला ठेवावा आणि दुपारच्या जेवणाला ताक-भातच सांगावा. हुरड्यावर पुरणपोळी मागणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्यांचे संध्याकाळचे ध्यान फार गाढ लागते.

सासूबाईंची सून

एवढेच सांगायचे आहे की जुन्नरपर्यंत जाऊन गणपतीचे दर्शन न घेता परतणे काही जणींना रुचणार नाही. त्यांच्या श्रद्धेला ‘पर्यटन’ म्हणून कात्री लावू नये. लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या आहेत, त्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. ओझरला चढण नाही, म्हणून परतीच्या दिवशी न्याहारीनंतर सर्वांनी ओझरला जावे आणि शिवनेरी पुढच्या खेपेस ठेवावा.

भिशीची चिटणीस (डोंबिवली)

सर्वांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. वेळापत्रक तयार करणाऱ्या मैत्रिणीला मी वमनाबद्दलचा मजकूर वाचून दाखवला, तेव्हा तिनेच लाल पेनाने निम्म्या ओळी खोडल्या. आता सकाळी सात ते सव्वाआठ आसने, अकराला हुरडा, दुपारी दोन ते चार काहीही नाही, संध्याकाळी प्राणायाम आणि साडेसातला जेवण एवढेच उरले आहे. व्याख्यान रद्द झाले असून ओझर परतीच्या वाटेवर आहे.

तीन केंद्रांना फोन केले. पहिल्याने न्हाणीघरांच्या प्रश्नावर ‘ॲडजस्ट होईल’ असे उत्तर दिले. दुसरीकडे पाच न्हाणीघरे व तीन कमोड आहेत, परंतु फ्रीज इन्व्हर्टरवर नाही. तिसऱ्या मालकांनी रुग्णालयाचे अंतर मिनिटांत सांगितले आणि उलट मलाच विचारले की तुमच्यात रात्री उठावे लागणाऱ्या किती जणी आहेत, म्हणजे त्यांना दाराजवळच्या खाटा देता येतील. आगाऊ रक्कम त्यांनाच पाठवली आहे. घोरणाऱ्यांच्या यादीत सध्या फक्त माझे नाव आहे.