घरसभा दोन वर्षं चालू आहे, पण प्रचारक आले नाहीत की दार बंद. वर्षभराचा आराखडा कसा करावा?

पूर्वभाग

सर्वांना सलाम. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरसभेसाठी (ख्रिस्ती कुटुंबांची घरात भरणारी सभा) मार्गदर्शन हवं आहे. पाच घरं, १४ मोठी माणसं. बायका बहुतेक बिडी वळतात. चार पुरुष यंत्रमागावर आहेत, त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. घरात तेलुगू बोलतात, पण शिकलेले सगळे मराठी शाळेत शिकले. बाप्तिस्मा होऊन दीड ते दोन वर्षं झाली.

विश्वास खरा आहे, याबद्दल शंका नाही. पण वाढ दिसत नाही. प्रचारक आले तर सभा, नाही आले तर नाही. "आमच्यासाठी प्रार्थना करा" असं सगळे म्हणतात, स्वतः मोठ्याने कोणी करत नाही. बायबल प्रत्येक घरात आहे, पण ते कपाटात. तीन बायकांना वाचता येत नाही. त्यातच दोन घरांचं उधारीवरून वाजलं आणि दोन्ही घरं येईनाशी झाली.

मंडळीच्या कमिटीपुढे आराखडा ठेवायचा आहे. सुरुवात बायबलच्या कोणत्या पुस्तकापासून करावी, सभा किती वेळाची असावी आणि जबाबदारी कोणाला, केव्हा द्यावी?

वचनवही

जय ख्रिस्त, भाऊ. तुम्ही लिहिलेल्या पहिल्या तीन गोष्टींचं मूळ एकच आहे. सभेत प्रचारक ४० मिनिटं बोलतात आणि बाकीचे ऐकतात. ऐकणारा माणूस चांगला श्रोता होतो, प्रौढ होत नाही. इब्री ५:१२–१४ मध्ये दूध आणि जड अन्न हा फरक सगळ्यांना पाठ असतो. पण १४ व्या वचनातला मुद्दा सरावाचा आहे: ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना वापरून वापरून वळण लागलं आहे, ते प्रौढ. वापरायची संधीच मिळाली नाही तर वीस वर्षांनीही माणूस दुधावरच राहतो.

म्हणून आधी सभेची घडी बदला. ७५ मिनिटं पुरेत, त्याहून लांबवू नका, कारण रात्रपाळीच्या माणसाला निघायचं असतं. पहिली १० मिनिटं मागच्या आठवड्याचा हिशोब: काय करायचं ठरलं होतं, झालं का, कुठे अडलं. मग १० मिनिटं भजन. ३० मिनिटं वचन. १५ मिनिटांत प्रत्येकाने या आठवड्यात काय करायचं ते ठरवणं. शेवटची १० मिनिटं प्रार्थना. पहिला भाग वगळण्याचा मोह फार होतो, कारण तिथे अवघडल्यासारखं वाटतं. पण तो वगळला की बाकी सगळं प्रवचनच होऊन बसतं.

पुस्तक मार्क घ्या. १६ अध्याय, एका अध्यायाला दोन बैठका, म्हणजे ३२ आठवडे. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, मे महिन्याचं ऊन, लग्नसराई हे धरलं तरी वर्षात आरामात बसतं. उरलेल्या दिवसांत याकोबाचं पत्र, पाच अध्याय. प्रकटीकरणाने सुरुवात करू नका. नव्या माणसांना त्याचंच आकर्षण असतं आणि सहा महिने शिंगं-शिक्क्यांत जातात. रोमकरांस पत्र दुसऱ्या वर्षी.

वचनाच्या ३० मिनिटांत चारच प्रश्न, दर वेळी तेच. यातून देव कसा आहे हे कळतं? माणूस कसा आहे हे कळतं? मी पाळावं असं यात काय आहे? हे मी कोणाला सांगू शकतो? प्रश्न बदलू नका. तेच राहिले तर दोन महिन्यांत पाठ होतात आणि प्रचारक नसले तरी कोणीही विचारू शकतं. नवा प्रश्न काढायला शिकलेला माणूस लागतो, पाठ असलेला विचारायला लागत नाही.

इथे दोन चुका हटकून होतात. पहिली: प्रश्न विचारला, कोणी बोललं नाही, की चालवणारा स्वतःच उत्तर देतो. मनात वीसपर्यंत मोजा आणि गप्प राहा. चालवणाऱ्याचं बोलणं एकूण वेळेच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त झालं तर घडी परत जुनी झाली असं समजा. दुसरी चूक: निर्णय ढोबळ राहतो. मार्क १:३५ वाचून "मी जास्त प्रार्थना करीन" असं कोणी म्हटलं तर पुढच्या आठवड्यात विचारायला काही उरत नाही. त्याच माणसाला "केव्हा? कुठे? कोणासाठी?" एवढंच विचारा. "उद्या पाणी भरून झालं की, चूल पेटवायच्या आधी, पाच मिनिटं, सासूबाईंचं नाव घेऊन" इथपर्यंत आलं पाहिजे. असा निर्णय पाळला की मोडला हे त्या बाईला स्वतःलाच कळतं.

आणि वार ठरवताना पाण्याचा दिवस आधी विचारा. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळं घर नळावर असतं. सभेला माणसं कमी येतात तेव्हा दर वेळी ते विश्वासाचं लक्षण नसतं.

शिलाईमशीन

वाचता न येणाऱ्या तीन ताईंबद्दल लिहिते. त्यांना "तुम्ही नुसतं ऐका" असं म्हणू नका. तोंडी पद्धत ही कमी दर्जाची सोय नाही. सुवार्तेतल्या गोष्टी आधी तोंडीच सांगितल्या गेल्या.

पद्धत अशी. १० ते १५ वचनांचा एक प्रसंग निवडा. दोनदा वाचा, सावकाश. मग तिसऱ्यांदा पुस्तक मिटून सांगा आणि त्यात मुद्दाम एक चूक करा. उदाहरणार्थ मार्क २:१–१२ मध्ये पक्षाघाती माणसाला चौघांऐवजी दोघांनी उचलून आणलं म्हणा. लगेच कोणीतरी "नाही, चौघं!" म्हणतं, आणि बहुतेक वेळा ती न वाचणारी ताईच असते. मग तिनेच पूर्ण गोष्ट सांगायची. सांगताना तिने स्वतःचं काही जोडलं तर "हे आपण वाचलं का?" एवढंच सगळ्यांना विचारा. वचनाशी प्रामाणिक राहायची सवय अशी लागते. बिरुयातले लोक रोज शास्त्र तपासून पाहत, प्रेषित १७:११, तेच हे काम, फक्त कानाने.

पहिल्या बारा गोष्टींत हे असू द्या: वादळ शांत करणं (मार्क ४:३५–४१), रक्तस्रावाची बाई (५:२५–३४), जक्कय (लूक १९:१–१०), शोमरोनी बाई (योहान ४) आणि उधळ्या मुलगा (लूक १५:११–३२). शेवटची मोठी आहे, दोन बैठकांत घ्या. थोरल्या भावावर थांबू नका असं सांगणारे भेटतील. थांबा. मंडळीत वाढलेल्यांसाठी तोच भाग आहे.

बिडी वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. मोबाइलवर ऑडिओ बायबल तेलुगूतही मिळतं, मराठीतही. दिवसाला एकच अध्याय, तोच दोनदा. दिवसभर लावून ठेवलं की ते रेडिओसारखं होतं, कोणी ऐकत नाही. बायकांची वेगळी बैठक घ्यायची असेल तर कारखान्यात माल द्यायला जायची वेळ सोडून घ्या. त्या वेळी जिवाची घाई असते, कारण बिडी छाटात गेली, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढली, तर पैसे जातात.

भजनाला कमी लेखू नका. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-भजनाची देशी चाल उपासनेत रुजवली. आजही मराठी मंडळीत कितीतरी बायकांना ख्रिस्ताबद्दल जे पक्कं माहीत आहे ते भजनातून माहीत आहे. महिन्याला एक भजन पाठ, आणि प्रत्येक कडव्याचा अर्थ ज्याने पाठ केलं त्याने सांगायचा. अर्थ न विचारता नुसतं म्हणत गेलात तर मात्र काही पोचत नाही.

प्रार्थना तेलुगूत करू द्या. मोठ्याने प्रार्थना न करण्याचं अर्धं कारण मराठी चुकेल ही भीती असते. पहिल्या महिन्यात एकच वाक्य: "देवा, या गोष्टीसाठी आभार." दुसऱ्या महिन्यात आभार आणि एक मागणं.

तिसरा_बाक

जबाबदारी केव्हा? पहिल्या महिन्यापासून. २ तीमथ्य २:२ मध्ये चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि ती ज्यांना शिकवतील ते. आपण दुसऱ्या पिढीवर थांबतो.

मागावर नवा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी माग देत नाहीत. आधी कांड्या भरतो. मग तुटलेला धागा जोडायला शिकतो. मग कारागीर शेजारी असताना माग चालवतो. पण पहिल्या दिवसापासून त्याच्या हाताला काम असतं. इथेही तसंच करा. महिना १–२: कोणी सतरंजी घालेल, कोणी निरोप देईल, कोणी मागच्या आठवड्याचे निर्णय वहीत लिहील. महिना ३–४: चार प्रश्नांपैकी एक प्रश्न एकाने विचारायचा. महिना ५–६: पूर्ण वचनाचा भाग दोघांनी चालवायचा, प्रचारक बसलेले असतील पण बोलणार नाहीत. सातव्या महिन्यापासून प्रचारकांनी महिन्यातून एक सभा मुद्दाम चुकवायची, आधी सांगून. नवव्या महिन्यापासून दोन.

सभा बंद पडू नये म्हणून प्रचारक दर वेळी धावत येतात. त्यांची तळमळ खरी असते, पण तीच माणसांना उभं राहू देत नाही. पौल थेस्सलनीकाच्या सभास्थानात तीन शब्बाथ बोलला आणि थोड्याच काळात त्याला गाव सोडावं लागलं. त्याने तीमथ्याला पाठवलं, पत्रं लिहिली, आणि मंडळी टिकली.

पाळीचं: एका वाराऐवजी दोन ठेवा, गुरुवार रात्र आणि रविवार दुपार, भाग तोच. ज्याची पाळी आड येते तो दुसरीला बसेल. १४ माणसं एका खोलीत तशीही जास्त आहेत. १२ च्या वर गेलं की कडेचे दोघे-तिघे बोलणं सोडतात.

जुना_सभासद

वरच्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. १ तीमथ्य ३:६ स्पष्ट आहे: नवशिका नको, गर्वाने फुगेल. ५:२२ मध्ये घाईने कोणावर हात ठेवू नको, म्हणजे पदावर नेमू नको, असंही आहे. बोलका माणूस तीन महिन्यांत पुढे येतो, त्याला सगळे "पास्टर" म्हणू लागतात, आणि सहा महिन्यांत तो आपलं वेगळं दुकान मांडतो. पूर्व भागात आधीच गल्लोगल्ली फलक आहेत.

तिसरा_बाक

मुद्दा बरोबर आहे, माझं लिहिणं अपुरं होतं. काम लवकर द्यायचं, पद उशिरा. प्रश्न विचारणारा म्हणजे मंडळीचा वडील (नेमलेला पुढारी) नाही, त्याच्या नावापुढे काही लागणार नाही. आणि काम फिरतं ठेवा, सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त एकाकडे नको. प्रेषित १४:२१–२३ पाहा: आधी शिष्य केले, मग परत फिरून त्यांना स्थिर केलं, मग वडील नेमले. तिन्ही गोष्टी आहेत आणि क्रम आहे.

जुना_सभासद

असं असेल तर मान्य. त्यात एक घाला: वडील म्हणून नाव सुचवताना सभेतलं बोलणं बघू नका. घरी बायकोला विचारा, मागावर मुकादमाला विचारा, वाण्याला उधारीचं विचारा. १ तीमथ्य ३ च्या यादीत शिकवण्याची हातोटी एकदा येते, बाकी सगळं स्वभाव, घर आणि बाहेरची साक्ष.

पैशांचंही आत्ताच ठरवा. अर्पण एका घरातले दोघे मोजणार नाहीत. दोन वेगळ्या घरांतले दोघे, तिथेच, सगळ्यांसमोर. रक्कम वहीत, दोघांची सही, दुसऱ्या दिवशी मंडळीच्या खजिनदाराकडे. ५० रुपये असले तरी हेच. आणि धान्य, फी, दवाखाना अशी मदत सभेच्या जागी, सभेच्या वेळी वाटू नका. मदत ज्याला लागते त्याला द्या, तो सभेला येवो न येवो. नाहीतर कोण कशासाठी येतं हे तुम्हालाही कळणार नाही आणि शेजाऱ्यालाही.

पूर्वभाग

फार उपयोग झाला. उधारीचं भांडण कसं हाताळू? सभेत दोन्ही घरांसाठी प्रार्थना घेतली होती, त्यानंतर जास्तच बिघडलं.

वचनवही

बिघडणारच होतं. सभेत नाव घेऊन प्रार्थना झाली म्हणजे भांडण पाचही घरांत गेलं. मत्तय १८:१५–१७ चा क्रम पाळा. आधी एकटा एकाकडे. ज्याला दुखावलं त्यानेच जायचं, प्रचारकाने निरोप्या व्हायचं नाही. नाही जमलं तर एक-दोन जण घेऊन. मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे तिसरी पायरी पहिली झाली.

आता दोन्ही घरी वेगवेगळं जा आणि सभेत विषय काढल्याबद्दल माफी मागा. रक्कम किती, केव्हा घेतली, किती परत झाली हे एका कागदावर दोघांना मान्य होईल असं लिहून घ्या. पैशाचं भांडण निम्मं आठवणीचं असतं. मग हप्ता ठरवा, बचत गटाच्या हप्त्याच्या तारखेला धडकणार नाही असा. हप्ता फिटेपर्यंत सलोखा थांबवू नका, पण "क्षमा केली म्हणजे पैसे सोडले" असंही देणाऱ्यावर लादू नका. ते त्याने ठरवायचं.

शिलाईमशीन

प्रार्थनेवरून एक राहिलं. आजाऱ्यासाठी प्रार्थना झाली, बरं वाटलं, की गोळ्या बंद करतात. टीबीचा कोर्स किमान सहा महिन्यांचा असतो. मधेच सोडला की आजार उलटतो आणि पुढे साध्या गोळ्या लागू पडेनाशा होतात. शुगर-बीपीचंही तसंच, सोडायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. प्रार्थना चालवणाऱ्याने दर वेळी, आमेननंतर लगेच, "गोळी घेतली का?" असं विचारायचं. हे पहिल्या महिन्यापासूनच्या कामांत घाला, वहीवाल्याकडे द्या.

पूर्वभाग

घातलं. बुधवारी आमच्या बोळात पाणी असतं, म्हणून गुरुवार रात्री ९ आणि रविवार दुपारी ४ असे वार ठरवतो. पहिला भाग मार्क १:१–२० घेऊ का? आणि पेटी वाजवणारं कोणी नाही.

वचनवही

२० वचनं पहिल्या दिवशी जास्त होतील. १:१–१३ घ्या, १४ पासूनचं दुसऱ्या बैठकीला, तिथे हाकेचा आणि जाळी सोडण्याचा भाग एकत्र येतो.

शिलाईमशीन

पेटी नसली तरी चालेल. टाळांची एक जोडी आणा आणि ती न वाचणाऱ्या ताईंपैकी एकीच्या हातात द्या.