मदत हवी आहे: लाईटच्या तीन बारीक कामांना १८०० मजुरी? (कोल्हापूर)

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. घरात लाईटची तीन बारीक कामं आहेत. हॉलमधला पॅनेल लाईट बंद पडलाय, बाथरूमच्या लाईटचं काहीतरी झालंय आणि जिन्यातला लाईट वरनं-खालनं दोन्हीकडनं लागायला पाहिजे. वायरमन आला, उभारूनच बघितलं आणि १८०० मजुरी सांगितली, सामान आपलं. बोर्डसुद्धा खोलला नाही. एवढे कशाचे म्हटलं तर छोटी कामं परवडत नाहीत म्हणतो. दुसऱ्या दोघांना फोन केला, एक येतो म्हणून आलाच नाही, दुसरा फोन उचलंना. आई अंधारात जिना चढ-उतार करते त्यामुळं लवकर उरकायचंय. कोल्हापुरात रेट काय चाललाय तेवढं सांगा. यूट्यूब बघून स्वतः करा असं कृपया कुणी सांगू नका.

पेठेतला_गडी
सरळ लुबाडणूक आहे. आमच्यात मंगळवार पेठेत दिवाळीच्या आधी पॅनेल बदलला, १५० घेतले. १८०० म्हणजे लईच झालं. देऊ नका.

कळंब्याची_ताई
बाथरूमच्या लाईटचं "काहीतरी" म्हणजे काय झालंय? बल्ब लागत नाही, होल्डर जळलाय का शॉक बसतोय? ह्यावरच रेट ठरतो ना दादा. आणि वायरिंग भिंतीतलं आहे का वरनं पट्टीतलं?

वीज_वाचवा
सगळे जुने चोकवाले ट्यूब आधी काढा. जुनी ट्यूब चोकसकट ५० वॉटच्या आसपास खाते, एलईडी पट्टी २० वॉटची घ्या, ती ५० तास चालली की एक युनिट होतं. हिशोब करून बघा बिलात किती फरक पडतो.

शाहूपुरीकर
@वीज_वाचवा काका, बिलाचं विचारलं नाही, घरात एलईडीच आहेत. @ताई वायरिंग भिंतीतलं. बाथरूमचं बटण दाबलं की सगळ्या घराची लाईट जाते. कायम नाही, पाऊस लागला की.

वायरमन_बावडा
हे आधी सांगायचं की राव, हेच तर मोठं काम आहे. मी ह्याच धंद्यात आहे म्हणून विचारतो, मेनजवळ पडतंय ते साधं एमसीबी का टेस्टचं बारीक बटण असलेलं आरसीसीबी? दोन्हीत फरक आहे. एमसीबी लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतं. आरसीसीबी करंट कुठंतरी ओलीतनं, अर्थिंगमधनं बाहेर जायला लागला की पडतं, घरचं बहुतेक ३० मिलीअँपिअरचं असतं.

शाहूपुरीकर
टेस्टचं बटण आहे.

राजारामपुरी_११वी_गल्ली
मग सोपं आहे, ते आरसीसीबी काढून डायरेक्ट करा. आमचं पावसाळ्यात असंच पडायचं, मिस्त्रीनं पाच मिनिटात काढून टाकलं, तेव्हापासून काही त्रास नाही. उगं १८०० कशाला घालवताय.

वायरमन_बावडा
असला सल्ला देऊ नका हो. ते पडतंय म्हणजे तुमच्या अंगातनं जाणारा करंट ते थांबवतंय. ओली भिंत, ओले पाय, बाथरूम, आणि तिथलंच संरक्षण काढायचं? तुमच्याकडं त्रास गेला नाही, नुसता कळायचा बंद झालाय. आजच्या आज परत बसवून घ्या.

राजारामपुरी_११वी_गल्ली
तुम्ही लोकं भीती घालूनच पैसे काढता. आमच्या वडिलांच्या घरात नुसते फ्यूज होते, कुणाला काय झालं?

कळंब्याची_ताई
माझ्या चुलतभावाला गीझरचा शॉक बसला होता, नशीब भिंतीवर आपटला आणि हात सुटला. त्याच्याकडं पण मिस्त्रीनं डायरेक्टच केलेलं. काय झालं नाही म्हणून चालतंय असं नसतंय. @शाहूपुरीकर, शाहूपुरीत नेमकं कुठं? पुराचं पाणी आलेलं का घरात?

शाहूपुरीकर
व्हीनस कॉर्नरच्या मागं. २०१९ ला पण आलेलं, २०२१ ला पण. खालच्या मजल्यावर बटणांच्या वरपर्यंत पाणी होतं. वाळल्यावर सगळं चालू झालं म्हणून वायरिंग बदललं नाही.

उचगाव_एक्सप्रेस
१९१२ ला फोन करा, महावितरणचा माणूस येऊन बघून जाईल, फुकटात.

वायरमन_बावडा
महावितरणचं काम मीटरपर्यंत. मीटरच्या पुढचं घरमालकानं बघायचं. १९१२ वर घरातल्या बाथरूमचा फॉल्ट काढत नाहीत.
@शाहूपुरीकर आता कळलं. पुराचं पाणी भिंतीतल्या पाईपमधी शिरलं की गाळ राहतो, जॉइंटच्या तांब्यावर हिरवं चढतं, वायरचं वरचं कव्हर कमजोर होतं. उन्हाळ्यात चालतंय, पावसात भिंतीला ओल धरली की लिकेज. नुसता होल्डर बदलून भागणार नाही, वायर सोडवून मेगर (वायरचं लिकेज तपासायचं मीटर) लावून बघायला पाहिजे.
रेटचं सांगतो, माझ्याकडचं सांगतो, सगळीकडं हाच असेल असं नाही. येऊन बघायचे २५०, काम दिलं तर त्यातनं वजा. पॅनेल बसवायचे १५०. फॉल्ट शोधून बाथरूमची नवीन वायर ओढायची ८०० ते १०००, पाईप चोंदला असेल तर वाढतंय. जिन्याला टू-वे करायचं तर दोन्ही बटणांच्या मधी वायरी न्यायला लागतात, भिंत फोडायची नसेल तर वरनं पट्टी मारायची, ५००-६०० धरा. म्हणजे १८०० ही लूट नाही, पण बोर्ड न खोलता ठोक सांगणं चूक आहे. कामागणिक लिहून मागा. पेठेतल्या भावांचे १५० पण बरोबर आहेत, ते फक्त पॅनेलचे होते. आणि एका बल्बसाठी बावड्यासनं शिडी घेऊन शाहूपुरीत आलं की निम्मा दिवस जातोय, तेवढं पण बघा.

पेठेतला_गडी
हां, फॉल्ट असेल तर मग वेगळं. पण लिहून कोण देतंय कोल्हापुरात?

सेन्सरप्रेमी
जिन्यात टू-वे करूच नका. मोशन सेन्सरचा बल्ब मिळतो, आहे त्या होल्डरात फिरवायचा, बटण चालूच ठेवायचं. माणूस आला की लागतो. आमच्या सासूबाई हातात पिशव्या घेऊन येतात, बटण शोधायलाच नको. मजुरी शून्य. आणि पॅनेल टाकून देऊ नका, बऱ्याचदा वरचा ड्रायव्हरच (पॅनेलला करंट देणारी छोटी डबी) गेलेला असतो. जुन्या ड्रायव्हरवर वॉट आणि मिलीअँपिअर लिहिलेलं असतं, त्याचा फोटो घेऊन लक्ष्मीपुरीत जावा.

वीज_वाचवा
सेन्सरवाला बल्ब स्टँडबायला पण थोडी वीज खातो.

कळंब्याची_ताई
खाऊ दे हो काका, माणूस जिन्यात पडला तर दवाखान्याचं बिल बघा.

शाहूपुरीकर
सगळ्यांचे आभार. त्याच वायरमनला परत बोलावलं आणि कामागणिक लिहून द्या म्हटलं. आधी कुरकुरला, मग आईच्या वहीच्या पानावर दिलं लिहून. पॅनेलचा ड्रायव्हरच गेलेला, तो बदलायचे १५०. बाथरूमचा बोर्ड खोलला तर आत वाळलेला गाळ, आणि जॉइंट हिरवागार. नवीन वायर ओढून दिली, त्याचे ९००. जिन्यात सेन्सर बल्ब लावला, आई खूश आहे. काल रात्रभर पाऊस होता, मेन पडलं नाही. पण खालच्या बाकीच्या बोर्डांचं काय करू? ते पण पाण्यात होते.

वायरमन_बावडा
सगळे खोलून बघायला लागणार, सुरुवात स्वयंपाकघरापासनं करा, तिथं ओल आणि लोड दोन्ही असतंय. तोपर्यंत आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातनं एकदा दाबत जावा, पडलं पाहिजे. नाही पडलं तर ते बदला.

शाहूपुरीकर
दाबलं, पडलं. तुम्ही स्वतः बघायला येऊ शकाल का? वायर आधीच आणून ठेवू?

वायरमन_बावडा
रविवारी सकाळी येतो, व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवा. सामान आणू नका, आधी खोलून बघू, मग किती मीटर लागतीय ते सांगतो.