मदत हवी आहे: कोर्लई किल्ला आणि उत्तरेच्या टोकावरचे पक्षी

नोव्हेंबरात दहा जणांना, त्यात दोन ज्येष्ठ, रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईला एका दिवसासाठी न्यायचं आहे. दीपगृहाकडच्या पायऱ्यांनी चढून, माथ्यावरचं चर्च आणि पाण्याचं टाकं बघत, उत्तरेला कुंडलिका नदीच्या मुखावरच्या बुरुजापर्यंत जायचं. चढ लहान, पण सावली जवळपास नाहीच. म्हणून सातला सुरुवात, माणशी तीन लिटर पाणी आणि अकराच्या आत खाली, असं ठरवलंय.

भरतीची वेळ तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट धरलीय. चतुर्थीला पूर्ण भरती साधारण तीनला, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) सकाळी नऊच्या सुमारास. त्या वेळी खडक उघडे पडतात आणि समुद्री बगळे टिपायला उतरतात. पौर्णिमा-अमावास्येला मात्र भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. तेव्हा खालच्या खडकांवर रेंगाळणं धोक्याचं.

माहितगारांनी कृपया सांगा:

पावसाळ्यानंतरचं गवत नोव्हेंबरात कितपत वाळतं? उंच गवतात तटाची कड आणि निसटलेले दगड दिसत नाहीत, पाय मुरगळतो तो तिथेच. ज्येष्ठांना चर्चपाशी थांबवावं का?

समुद्र गरुडाचं घरटं सध्या कुठे आहे? नेमकी जागा इथे लिहू नका. किती लांब राहायचं तेवढं सांगा. पिल्लांच्या काळात माणसं जवळ गेली तर जोडी घरटं सोडू शकते.

खाडीच्या मुखाशी डॉल्फिन भरतीला जास्त दिसतात की ओहोटीला? ८×४२ दुर्बीण आहे.