मदत हवी आहे: शेतातल्या इजा आणि विषबाधांची नोंद गावात कशी ठेवावी? (दिंडोरी, नाशिक)

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी लागली की पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या बागांवर उतरतात आणि आमची ओपीडी भरते. रजिस्टरमध्ये मात्र "चक्कर, उलट्या", "हाताला खाज", "बोटाला जखम" एवढंच असतं. माणूस कोणतं काम करत होता, याला रकानाच नाही. गेल्या छाटणीत एका मजुराच्या तळहाताची सालं निघाली होती. मी "त्वचारोग" लिहून मलम दिलं. वेलीच्या काड्यांवरचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून लावतात ती पेस्ट तो उघड्या हाताने लावत होता, हे मला आठवड्याने आशाताईंकडून कळलं.

आता आम्ही दोघी मिळून पाच गावांत वर्षभर नोंद ठेवायचं म्हणतोय. अडतंय ते असं: मोजायचं काय? विळा लागला, चिंधी बांधली, परत कामाला लागला, हे धरायचं का? मजुरांची पिकअप घाटात उलटली तर ती इजा शेतीची की रस्त्याची? शिवाय विषबाधेत "फवारताना झालं" आणि "स्वतःहून घेतलं" यांत घरचे काय सांगतील याचा भरवसा नाही, पोलीस केसची भीती असते. आणि वर्षभरापूर्वीचं लोकांना आठवतं तरी का?

आकडेमोड: ताई, आधी व्याख्या ठरवा आणि वर्षभर तिला हात लावू नका. शेतीच्या कामामुळे झालेली इजा किंवा आजार, ज्यात निदान एक दिवसाचं काम बुडालं किंवा कोणाकडून तरी उपचार घेतले, मग तो मेडिकलवाला का असेना. चिंधीवाला विळा यात गळतो, गळू द्या. पिकअप घ्या, पण वेगळी खूण करून, म्हणजे नंतर काढता येईल. विषबाधेत हेतू हा वेगळा रकाना ठेवा आणि "सांगता येत नाही" हा पर्याय द्याच. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातही (आयसीडी-१०) कीटकनाशकाच्या विषबाधेला टी६० आणि ती अपघाताने झाली तर एक्स४८, स्वतःहून घेतलं तर एक्स६८ असे निराळे कोड आहेत. शेतीयंत्रातल्या इजेला डब्ल्यू३०.

हात तुटला हे वर्षभर आठवतं, मळमळ पंधरा दिवसांत विसरतात. म्हणून बारीकसारीक गोष्टी पंधरवड्याच्या विचारा. तारीख विचारू नका, "पोळ्याच्या आधी की नंतर" विचारा. आणि कामाचे दिवस लिहायला विसरू नका, नाहीतर ज्या गावात मजूर जास्त तेच धोक्याचं दिसेल.

अजून एक युक्ती. आशांची एक यादी, दवाखान्याची दुसरी. समजा एकीत ४० नावं, दुसरीत ३०, दोन्हींत असलेली १२. दवाखान्याच्या ३० पैकी १२च आशांना सापडले, म्हणजे आशांचे ४० हेही सगळ्यांच्या साधारण तेवढ्याच हिश्श्याचे. मग खरी संख्या अंदाजे ४० × ३० ÷ १२, म्हणजे १००. दोन्ही याद्या मिळून ५८ जणच सापडले होते, हे लक्षात घ्या.

काडीकसर: मी बागायतदार, निफाडकडचा. मालकासमोर विचारू नका, खरं कोणी बोलणार नाही. मीही मालकच आहे, म्हणून सांगतो. संध्याकाळी टोळीच्या झोपड्यांवर जा, मुकादमाला चहाला दुसरीकडे बसवा. औषधाचं नाव मजुराला ठाऊक नसतं, पण डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, ते सांगतो. लाल सगळ्यात जहाल. आणि ती पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. ती लावल्यावर पुढचे काही दिवस दारू घेतली तर तोंड लालभडक होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. तुमच्या "चक्कर, उलट्या"तल्या काही त्याच असतील.

सातबारा: तालुका कृषी कार्यालयातही विचारा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख आणि एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख मिळतात, त्यामुळे तिथे प्रकरणं असतात. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्यांची आणि त्यांच्या घरच्या एकाची. भूमिहीन मजूर त्यात सापडणार नाही.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. @आकडेमोड, याद्या जुळवायच्या तर नावं लागणार, आणि नाव लिहिलं की लोक बोलायचे बंद. काय करू?

आकडेमोड: नावांची वही वेगळी, फक्त तुमच्या कुलपात. फॉर्मवर नुसता क्रमांक. आणि सुरू करण्याआधी एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या, मागाहून मिळत नाही.

धागाकर्ती: बरं. @काडीकसर, काल एका टोळीत दारूचं विचारून पाहिलं. तिघं हसले. चौथा म्हणाला, "म्हणून तर पेस्टच्या दिवसांत आम्ही बाटली लपवतो, बाई." फॉर्ममध्ये तो प्रश्न घातलाय.