१९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट: मूळ इंजिन बांधावं की जिप्सीचं बसवावं?

नीलकंठ, इंदूर
नमस्कार मंडळी. माझ्या प्रेसिडेंटला फियाटचंच १०८९ सीसी इंजिन, स्टिअरिंगच्या कॉलमवर चार गिअर. मानपूर घाटात गरम होते, चढावर दम धरत नाही, निळा धूर येतो. सत्तरच्या वर गेली की फ्लोअर थरथरतो. मिस्त्री म्हणतात मारुती जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन टाका. रविवारी मांडू-महेश्वरला जाऊन यावं, एवढंच हवंय.

फीलर गेज
नीलकंठजी, इंजिन उतरवायच्या आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग आणि बोअर (सिलिंडरचं भोक) गेलेत. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. शेजारशेजारचे दोनच पडलेले असतील, तर गास्केट त्या दोघांच्या मधे जळलंय. धूरही सांगतो: उतारावर पाय सोडून पुन्हा दाबल्यावर भपका आला तर व्हॉल्व्ह गाइड-सील, चढावर सतत आला तर रिंग.

बोअर मूळ ६८ मिमी. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊच नका. ओव्हरसाइजमध्ये (मूळपेक्षा मोठ्या मापात) जो सेट मिळेल तो मायक्रोमीटरने मोजायचा आणि बोअर त्या मापावर करून घ्यायचा. उलट केलं आणि त्या मापाचा पिस्टन मिळाला नाही, तर पुढचं माप, शेवटी स्लीव्ह (सिलिंडरात आतून बसवायची नळी).

हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम होऊन वाकतं. स्ट्रेट एजखाली ०.०५ मिमीचं पातं शिरलं तर सरफेस (घासून सपाट) करा, पण लागेल तेवढंच.

गरम होण्यासाठी सगळे रेडिएटरच धरतात. ब्लॉकचे वेल्श प्लग (पाण्याच्या पोकळीवरची पत्र्याची बुचं) काढून बघा. गाळ मागे, चौथ्या सिलिंडरभोवती, दगडासारखा बसलेला असतो. तो तारेने खरवडून काढल्याशिवाय नवा रेडिएटरही हरतो.

घाटवाला
जिप्सीचा पर्याय एवढा वाईट नाही. तिची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, त्यामुळे ती काढून गिअरबॉक्सवरून थेट मागचा शाफ्ट नेता येतो. पाचवा गिअर मिळतो, सुटे भाग मिळतात.

फीलर गेज
घाटवाला दादा, जोडणी जमते, मान्य. पण एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाल्या) जिप्सीची ताकद या इंजिनाच्या जवळपास दुप्पट. मागचा ॲक्सल आणि त्यातले क्राउन-पिनियनचे दातेरी गिअर त्यासाठी बनलेले नाहीत, चारही चाकांना ड्रम ब्रेक. म्हणजे पुढे डिस्क, नवा ॲक्सल, टनेल (फ्लोअरमधला उंचवटा) कापायचं, कॉलम शिफ्ट गेला. शिवाय इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते. पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. त्या नोंदणीवर रोजचा वापर चालत नाही, रॅली-प्रदर्शन चालतं. तुम्हाला मांडूला जायचंय, तेव्हा सध्याचीच नोंदणी चालू ठेवा. तरी पुढे व्हिंटेज नोंदणीचा रस्ता बंद करू नका. मी मूळ इंजिनच बांधेन.

नीलकंठ
आणि थरथर? गिअर ऑइल?

घाटवाला
प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे आणि सेंटर बेअरिंगचं रबर बघा. शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही भागांवर खूण करा; योक (शाफ्टचं जोडणीचं टोक) एका दातानेही फिरून बसला तर नवे क्रॉस टाकूनही थरथर राहते. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं ऑइल, डिफरन्शियलला जीएल-५. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ गेलं तर त्यातला गंधक पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतो.

फीलर गेज
पेट्रोल आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) आहे. जुना पंप डायफ्राम आणि रबरी नळ्या त्यात फुगतात, म्हणून व्हायटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) घाला. पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं. प्लग पांढरे दिसले तर कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा करा. बांधल्यावर २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर चालू केल्या केल्या २००० आरपीएमवर वीस मिनिटं, आयडलवर अजिबात नाही. मग इंजिन गार झाल्यावर हेड पुन्हा टॉर्क करा (ठरलेल्या जोराने आवळा) आणि टॅपेट सेट करा.