नवीन तयार पीसी, गेम लावला की सीपीयू १०० डिग्री. लिक्विड कूलर घेऊ का?

उन्हाळी_सुट्टी:
मंडळी जरा मदत करा, डोक्याला ताप झालाय नुसता. चार महिन्यांपूर्वी तयार जोडून मिळतो तसला डेस्कटॉप घेतला. सीपीयू आय७ १२७००एफ, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम, कॅबिनेटला पुढून काच आणि काचेच्या मागे तीन रंगीत फॅन, मागे एक साधा फॅन. दिसायला एक नंबर. पण गेम लावला की पाच मिनिटांत सीपीयू ९८, ९९, १०० आणि कूलरचा फॅन असा बोंबलतो की आतल्या खोलीतून विचारतात मिक्सर लावलाय का. मग क्लॉक म्हणजे सीपीयूचा वेग साडेचार गिगाहर्ट्झवरून तीनच्या आसपास खाली येतो आणि गेम अडखळायला लागतो. काही न करता नुसता डेस्कटॉप उघडा ठेवला तरी ५५ ते ५८ असतंच, खोलीत २८ डिग्री आहे म्हणजे काय भट्टी वगैरे नाही. ज्यांनी विकला ते म्हणतात १०० पर्यंत नॉर्मल असतं, काळजी करू नका. आता २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर घ्यायचं मनात आहे, का अजून दोन फॅन लावून भागेल?

मध्यरात्र:
घेऊन टाका कूलर. १२७००एफ वर ६५ वॉट लिहिलेलं असतं ते बेस पॉवरचं, टर्बोत, म्हणजे जोर लावून वेग वाढवतो तेव्हा, तो १८० वॉटपर्यंत जाऊ शकतो, आणि तयार पीसीत वर बसवलेला असतो तो चिमुकला गोल कूलर. त्याच्याकडून काय अपेक्षा करणार. लिक्विडच पाहिजे असं नाही, एक १२० मिलिमीटर फॅनचा उंच टॉवर कूलर घ्या, निम्मी कटकट जाईल. आणि १०० नॉर्मल वगैरे काही नाही हो, १०० ही त्या चिपची शेवटची हद्द आहे, तिथे गेला की तो स्वतःच वेग कमी करतो म्हणून जळत नाही एवढंच.

खटपट्या:
थांबा थांबा, आधी काही विकत घेऊ नका. मला त्या १०० पेक्षा तुमचे ५५ जास्त खटकतायत. रिकामा बसलेला सीपीयू फार तर दहा-वीस वॉट खातो, तेवढी उष्णता तर तो चिमुकला कूलरसुद्धा आरामात काढतो, २८ च्या खोलीत ३५-४० दिसायला पाहिजे. तर तीन गोष्टी करा आणि आकडे इथे टाका. एक म्हणजे एचडब्ल्यूइन्फो (पीसीचे तापमान, पॉवर असले आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून गेम चालू असताना सीपीयू पॅकेज पॉवर, म्हणजे अख्खी चिप किती वॉट खातेय, ते बघा, सगळे टेम्परेचर बघतात आणि हा आकडा कोणी बघतच नाही. मग कॅबिनेटची बाजूची काच काढून तोच गेम तेवढाच वेळ खेळा आणि सीपीयू, ग्राफिक कार्ड दोन्हीचे आकडे आधीच्याशी ताडून बघा. आणि टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी पुढच्या जाळीपाशी धरा, आत ओढली जाते का बघा, मग मागच्या फॅनपाशी धरा, ती बाहेर उडाली पाहिजे. बाजू उघडल्यावर दहा-बारा डिग्री पडले तर हवा कोंडतेय. नाही पडले तर रोग कूलरपाशीच आहे, मग दहा फॅन लावले तरी तोच गरम वारा फिरणार.

उन्हाळी_सुट्टी:
केलं सगळं. बाजू बंद असताना सीपीयू १००, ग्राफिक कार्ड ७८. बाजू उघडून सीपीयू ९७, कार्ड ६९. पॅकेज पॉवर मला वाटलं दीडशे वगैरे असेल पण १०० डिग्रीला फक्त ८२ वॉट दाखवतोय. टिश्यू मागे मस्त उडतो. पुढे काचेच्या कडेला धरला तर हलतो न हलल्यासारखा, सोडला की सरळ खाली पडतो, तीन फॅन जोरात फिरतायत तरी.

खटपट्या:
हे बघा, आता कळलं. तुमच्याकडे दोन वेगळे रोग आहेत आणि तुम्ही एकच समजत होतात. कार्ड बाजू उघडल्यावर ९ डिग्री पडलं म्हणजे कॅबिनेटमध्ये हवा येत नाही, त्याला कारण ती पुढची काच. पण सीपीयू ३ च डिग्री पडला, आणि ८२ वॉटला १०० म्हणजे लहान कूलर धरला तरी फारच झालं. उष्णता कूलरमध्ये नीट चढतच नाहीये. नव्वद टक्के कूलर नीट टेकलेला नाही. तो चार पायांचा असेल ना, प्लॅस्टिकच्या खुंट्या मदरबोर्डच्या भोकात दाबून बसवतात तसला? पीसी बंद करा, मागची केबल काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून सोडा आणि कूलर हातात धरून हळूच हलवून बघा. चारही कोपरे घट्ट पाहिजेत. हो आणि वॉरंटीचं सील वगैरे लावलंय का ते आधी बघा, असेल तर उघडण्याआधी त्यांना लेखी विचारून ठेवा.

चिंगी_उद्योगी:
मधे बोलते सॉरी पण कूलर काढलाच तर बुडाला प्लॅस्टिकची फिल्म राहिलीय का तेही बघा. माझ्या पहिल्या पीसीत ती पारदर्शक फिल्म, वर लाल अक्षरात काढून टाका असं छापलेलं, जशीच्या तशी होती आणि त्याच्यावर थर्मल पेस्ट (सीपीयूची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) 😂 सहा महिने मी गेमला शिव्या घालत होते.

उन्हाळी_सुट्टी:
खटपट्या, तुम्हाला साष्टांग दंडवत. सील नव्हतं, उघडला. वरून बघितलं तर चारही खुंट्या सारख्याच दिसत होत्या, पण ग्राफिक कार्डाच्या बाजूची डावीकडची एक, जी कार्डामुळे दिसतच नाही, तिला बोट लावलं तर डुगडुगली. कार्ड काढून मोबाईलचा टॉर्च मारला तर खुंटी भोकातून अर्धवट वर आलेली, मदरबोर्ड आणि पायामध्ये नखभर फट. कूलर उचलला तर पेस्टवर सगळं चित्र स्पष्ट होतं, एका बाजूला दाबून पातळ झालेली, राखाडी पापुद्र्यासारखी, आणि त्या सैल कोपऱ्याकडे तशीच जाड, ओली, कूलरला नीट लागलेलीसुद्धा नाही. म्हणजे चार महिने मी अर्ध्या कूलरवर गेम खेळत होतो. चिंगी, फिल्म नव्हती बरं का. आता परत बसवताना काय काळजी घेऊ?

खटपट्या:
जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्हीकडून पुसा, नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. नवीन पेस्ट मधोमध वाटाण्यापेक्षा थोडी कमी, तुमचा सीपीयू लांबट आहे म्हणून छोटी रेघ ओढली तरी चालेल. बोटाने पसरत बसायची गरज नाही, कूलर दाबला की पसरते. खुंट्यांची डोकी काढताना बाणाच्या दिशेने फिरवली असतील ती परत मूळ जागी फिरवा, हे विसरलं की खुंटी बसल्यासारखी वाटते आणि नंतर निसटते. आणि दाबायच्या त्या तिरप्या क्रमाने, समोरासमोरचे दोन कोपरे आधी, मग उरलेले दोन. टक असा आवाज आला पाहिजे. मदरबोर्ड थोडा वाकतो तेव्हा छातीत धस्स होतं पण ते चालतं. शेवटी फॅनची वायर सीपीयू फॅन लिहिलंय तिथेच लावा.

उन्हाळी_सुट्टी:
बसवला. टक टक चारही. आता रिकामा असताना ३८, गेममध्ये ८६ आणि पॉवर ९५ वॉटच्या आसपास. क्लॉक पडत नाही. मागचे चार महिने आठवले की स्वतःचीच कीव येते. पण ८६ म्हणजे अजून जास्तच आहे ना? आणि व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की परत ९९ ला टेकतो.

स्क्रूड्रायव्हर_बाबा:
खुंटी पुष्कळदा प्रवासात निसटते, कुरिअरवाला काही खोका कडेवर घेऊन येत नाही. असो. आता बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडतात ती मदरबोर्डची सेटिंग) जाऊन पॉवर लिमिट बघा, पीएल१ आणि पीएल२ असे दोन आकडे असतात. पीएल१ म्हणजे सतत किती वॉट खायची परवानगी, पीएल२ म्हणजे थोडा वेळ उसळी मारायची. बरेच बोर्ड तिथे ४०९६ असलं काहीतरी भरून ठेवतात, म्हणजे खा किती खायचं ते. तुमच्या कूलरला ते झेपणार नाही. पीएल१ ९० ला आणि पीएल२ १२० ला बांधून बघा, एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, गेममध्ये बहुतेक फरक कळणारही नाही. काही तयार पीसीच्या बायोसमध्ये हे ऑप्शन लपवलेले असतात, मग विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करता येतं, पण त्याने टर्बोच बंद होतो, ते म्हणजे पायाला काटा लागला म्हणून पायच बांधून ठेवायचा. आणि अंडरव्होल्टच्या (सीपीयूचं व्होल्टेज कमी करायच्या) नादी लागू नका, नावात के अक्षर नसलेल्या चिपवर ते सहसा बंदच असतं.

मध्यरात्र:
मान्य, मी घाईने बोललो. पण एक्सपोर्ट रोजचं असेल तर मोठा कूलर लागेलच, माझं म्हणणं अगदीच फुकट नव्हतं 😄 फक्त घेताना दोन गोष्टी बघा. तुमचा सॉकेट (सीपीयू बसतो ती जागा) एलजीए १७००, त्याची कूलर बसवायची भोकं ७८ मिलिमीटरवर असतात, आधीच्या एलजीए १२०० ची ७५ वर होती, त्यामुळे कोणाकडून जुना कूलर उचलला तर १७०० चं किट वेगळं लागतं. आणि टॉवर कूलर १५५ मिलिमीटर वगैरे उंच असतात, मदरबोर्डपासून बाजूच्या काचेपर्यंत पट्टीने मोजा, नाहीतर काच बंद होत नाही आणि मग कायम उघडाच ठेवायला लागतो (अनुभव आहे). आणि लिक्विड कूलरचा रेडिएटर (फॅन लागतात ती जाळी) पुढच्या काचेमागे लावणार असाल तर मुळीच नको, तिथे हवाच नाही.

स्क्रूड्रायव्हर_बाबा:
ती पुढची काच स्क्रूवर असेल ना? काढून टाका सरळ. किंवा स्क्रूखाली जाड रबरी वॉशर घालून काच एक-दीड सेंटिमीटर पुढे आणा, रंगीत दिवे पण दिसतील आणि श्वास पण घेता येईल. धूळ येईल, तर महिन्यातून एकदा जाळी काढून ब्लोअर मारा, मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका.

उन्हाळी_सुट्टी:
शेवटचा रिपोर्ट. वॉशर घातले, काच दीड सेंटिमीटर पुढे आलीय, टिश्यू आता पुढे चिकटून बसतो. बायोसमध्ये पीएल१ खरंच ४०९६ होता!! ९० आणि १२० केला. गेममध्ये सीपीयू ७७, कार्ड ७०. एक्सपोर्टला ८४ वर थांबतो, आधी ११ मिनिटं लागायची त्या फाईलला आता साडेअकरा लागली. कूलर सध्या घेत नाही. फक्त एक झालंय, पुढच्या खालच्या फॅनमधून टक टक टक असा बारीक आवाज यायला लागलाय, काच लावल्यापासूनच. फॅन गेला का?

चिंगी_उद्योगी:
नाही हो, वायर पात्याला लागत असेल. केबल टाय मारा.

उन्हाळी_सुट्टी:
वायरच होती 🙏